आधी उलटा, मग घ्या

दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या पुतळ्याच्या मागे जाऊन सहसा कोणी पाहत नाही. एकदा जरूर पाहा. समोरून त्याचा शर्ट अंगाबरोबर बेतलेला दिसतो. कमरेशी सुरकुती नाही, खांद्यावर चुणी नाही. मागे मात्र मानेपासून कमरेपर्यंत टाचण्या आणि चिमटे ओळीने खोचलेले असतात. म्हणजे तो शर्ट त्या पुतळ्यालाही होत नाही! पुतळ्याला पोट नाही, त्याने दिवाळीचा फराळ खाल्लेला नाही, त्याला श्वाससुद्धा घ्यायचा नाही. तरी त्याच्या मापाचा शर्ट त्याच्याच दुकानात मिळालेला नाही. आपण मात्र तोच शर्ट ट्रायल रूममध्ये अंगात चढवतो, आरशात पाहतो, खिन्न होतो आणि उद्यापासून पहाटे फिरायला जायचं ठरवतो.

कापडाच्या धंद्यात दाखवायचं ते सगळं पुढून असतं आणि कळायचं ते सगळं मागून. आमच्या आत्याला हे कोणी शिकवलं कोण जाणे, पण दुकानात शिरली की ती पहिल्यांदा वस्तू उलटी करते. साडी उलटी करते, सदरा उलटा करते, पर्सचं अस्तर बाहेर ओढते, चप्पल तळाकडून बघते, किमतीच्या चिठ्ठीची मागची बाजू वाचते. तिच्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाने उकाड्यामुळे कोट काढून खुर्चीवर टाकला, तेव्हा पोहे देता देता तिने कोटाचं अस्तरही पाहून घेतलं. (अस्तर चांगलं होतं. लग्न झालं.) पुढचा सगळा सल्ला तिच्या पद्धतीचा आहे. टोमणे वगळायचा प्रयत्न केला आहे.

सुरुवात लग्नाच्या बस्त्यापासून केली पाहिजे, कारण ज्याने बस्ता निभावला त्याला पुढे आयुष्यात कुठलीच खरेदी अवघड जात नाही. बस्त्याला कपडे निमित्ताला असतात. दोन घरं एकमेकांना जोखत असतात. त्यामुळे बरोबर किती माणसं न्यावीत, हा पहिला प्रश्न. नेसणारी एक, पैसे देणारा एक आणि कापड कळणारी एक, एवढी पुरतात. प्रत्यक्षात एक टेम्पो ट्रॅव्हलर येते. त्यात नवरी असते, आया असतात, नणंद असते, दोन्हीकडचे मानकरी असतात, आणि एक काकू असतात ज्या तासभर काहीही बोलत नाहीत. सगळ्यांचं एका साडीवर एकमत झालं की त्या म्हणतात, “छान आहे. बाकी तुमची मर्जी.” झालं! ती साडी बाद. मुरलेला सेल्समन म्हणूनच नवरीकडे बघत नाही. तो पहिल्या दहा मिनिटांत या काकू हेरतो आणि प्रत्येक पदर त्यांच्या दिशेने फेकतो. तुम्हीही हेरा. जमलं तर त्यांना वेगळ्या मजल्यावर पुरुषांच्या कुर्त्यांकडे पाठवा.

गादीवर बसलं की पहिला प्रश्न येतो, “रेंज काय धरायची, ताई?” याचं खरं उत्तर देणारा माणूस फार सज्जन असतो, आणि दुकानदारांना सज्जन माणसं आवडतात. मनात असेल त्याच्या पाऊणपट सांगावं. कारण तुम्ही दहा हजार म्हणालात की पहिला गठ्ठा पंधराचा उघडतो. “घ्यायच्या नाहीत, नुसत्या बघा,” असं म्हणून तो दाखवला जातो. पंधराची बघितल्यावर दहाची साडी डोळ्यांत भरत नाही, आणि मग तेराची स्वस्त वाटू लागते. तोवर चहा येतो. तो चहाही त्या तेरा हजारांतच असतो.

साड्यांचा ढीग होतो. ढीग बघून मराठी माणसाला भीड पडते. एवढ्या उघडायला लावल्या, आता एक तरी घेतलीच पाहिजे, नाहीतर बरं दिसत नाही! अहो, साडी उघडणं हे त्यांचं काम आहे, त्याचा त्यांना पगार मिळतो, आणि घडी घालायला मागे एक वेगळा मुलगा बसवलेला असतो. मराठी घरांतली निम्मी कपाटं अशा भिडेच्या साड्यांनी भरलेली आहेत. त्या नेसल्या जात नाहीत, आहेराला जातात. आहेराच्या साडीचं शास्त्रच निराळं आहे. ती सांगलीहून साताऱ्याला जाते, साताऱ्याहून कऱ्हाडला, आणि काही वर्षांनी वाढदिवसाला किंवा ओटीला मूळ मालकिणीकडे परत येते. तेव्हा आहेराची साडी घेताना रंग, पोत, काठ वगैरे फार बघू नका. घडीवर डाग दिसणार नाही आणि पिशवी मजबूत असेल, एवढं बघा.

नेसायची साडी मात्र दारात नेऊन बघावी. दुकानातले दिवे कशासाठी लावलेले असतात हे आपण लक्षात घेत नाही. पिवळ्या दिव्यांत जरी झळझळीत उजळते आणि डाळिंबी रंग खुलतो. तीच डाळिंबी घरच्या ट्यूबलाइटखाली विटकरी निघते. जुन्या बायका साडी उचलून सरळ दुकानाच्या पायरीवर जात आणि उन्हात धरत. आता दुकानं तीन मजल्यांची झाली, पायरी लांब गेली, पण खिडकी कुठेतरी असते. सेल्समन म्हणतो, “मावशी, डोळे झाकून घ्या.” त्यावर आत्या म्हणाली होती, “डोळे झाकायचेत तर एवढे दिवे कशाला लावलेत?”

आता पैठणी. येवल्यात घ्या, पैठणला घ्या, पुण्यात लक्ष्मी रोडवर घ्या नाहीतर दादरला. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’मध्ये कधीकाळी जिंकलेली असेल तर उत्तमच. विकत घेणार असाल तर पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत विणकर पदरावरचा मोर, मुनिया किंवा आसावली रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत, धाग्यात धागा अडकवून काढतो. त्यामुळे उलट बाजूलाही मोर जवळपास तसाच दिसतो. यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’त मागे मोर नसतो, मागे धाग्यांचा गुंता असतो, नाहीतर कातरलेली टोकं. ही टोकं बांगडीत, जोडव्यात अडकतात. “त्याला मागून जाळी लावून देतो, काही काळजी करू नका,” असं सांगितलं की समजावं, आपण कुठल्या मजल्यावर आलो आहोत. सेमी पैठणी घेण्यात काही गैर नाही. चारचौघींत मिरवता येते, पाऊस आला तरी जीव खाली-वर होत नाही. फक्त ती सेमीच्या भावात घ्यावी. आणि हा नियम बनारसीला जसाच्या तसा लावू नका. हातमागाच्या बनारसीतही मागे सुटे धागे असू शकतात.

दुसरी गंमत अशी, की हातमागाच्या कापडात बारीकसारीक दोष असतात. कुठे धागा जाड, कुठे मोराची चोच किंचित तिरकी. माणसाने महिनोन् महिने बसून विणलेलं असतं, त्यात त्याला एखादी शिंक आली असेल. पण बस्त्याच्या मंडळातली कोणीतरी चष्मा वर सरकवून ती चोच शोधून काढते, “ही डिफेक्टिव्ह आहे” असा पुकारा होतो, आणि खरी पैठणी परत घडीत जाते. मग जिच्यातले सगळे मोर एकाच साच्यातून काढलेले आहेत अशी यंत्रावरची साडी “बघा, किती सुबक!” म्हणून पसंत होते. विणकराला हे कळलं तर तो मागावरून उठून रिक्षा चालवायला जाईल. काही गेलेही असतील.

लेबलांबद्दल एक घोटाळा बहुतेकांच्या डोक्यात असतो. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली ‘सिल्क मार्क’ सुरू केला. तो सांगतो, की कापड शुद्ध रेशमाचं आहे. ते हाताने विणलं की यंत्राने, याबद्दल तो काही बोलत नाही. ‘हँडलूम मार्क’ २००६ सालचा; तो सांगतो, की कापड हातमागावरचं आहे. ते रेशीम आहे की आणखी काही, हा त्याचा विषय नाही. दुकानदार यातलं जे असेल ते दाखवतो आणि उरलेलं तुमच्या श्रद्धेवर सोडतो. ‘आर्ट सिल्क’ असं लिहिलेलं वाचून त्यात काही कला असावी असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. ते आर्टिफिशियलचं लघुरूप आहे. जरीचंही तसंच. खरी जरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. बाजारात फिरते ती बहुतेक तांब्याची नाहीतर चकचकीत प्लॅस्टिकची. दिसायला तिन्ही लग्नात सारख्याच दिसतात, फरक मोडायला काढल्यावर कळतो.

यावर आत्याचा उपाय सोपा आहे. ज्या शब्दाचे पैसे देतो तो शब्द बिलावर लिहून मागायचा. शुद्ध रेशीम म्हणता? लिहा. हातमाग म्हणता? लिहा. खरी जरी म्हणता? तीही लिहा. तासभर ज्या माणसाची वाणी गंगेच्या ओघासारखी वाहत होती, त्याच्या पेनातली शाई या क्षणी संपते.

घरी आल्यावर पदराच्या टोकाचा एखादा धागा काढून जाळून बघता येतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. पण रेयॉनही तसाच जळतो, म्हणून सुतीसाठी या परीक्षेच्या नादी लागू नये. ही परीक्षा घरीच, ताटलीत, पाणी जवळ ठेवून करावी. काडेपेटी घेऊन कापडाच्या दुकानात गेलात तर तुमच्या चोखंदळपणाचं कौतुक होण्याची शक्यता कमी आहे.

रंगाचंही तसंच. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूने, शक्यतो गडद काठाशी, चोळून बघावा. रुमाल रंगला तर पहिल्या धुण्यात घरातले सगळे बनियन रंगणार. “रंग गेला तर परत आणून द्या” असं आश्वासन हमखास मिळतं. आत्याने विचारलं होतं, “रंग गेल्यावर काय आणून देऊ? पाणी?”

पुरुषांच्या खरेदीत एवढी नाट्यं नसतात, कारण पुरुष खरेदी करत नाहीत, शरण जातात. दुकानात शिरल्यावर दिसेल तो निळा शर्ट उचलायचा, घरी जाऊन आधीच्या चार निळ्या शर्टांशेजारी टांगायचा आणि “वेगळा आहे तो” असं सांगायचं. या वर्गासाठी थोडक्यात सांगतो. शर्ट उलटा करा. टाके बारीक आणि जवळजवळ आहेत का बघा. लांब टाक्यांची टीप लवकर उसवते. शिवणीत आत थोडं कापड सोडलेलं असावं, कारण माणूस पुढे रुंदच होत जातो. चौकड्यांचा शर्ट असेल तर खिशाच्या रेघा शर्टाच्या रेघांशी जुळतात का ते पाहा. ज्याने ते जुळवलं त्याने बाकीचंही नीट केलेलं असतं. काजातून दोरे लोंबत नसावेत. आणि खांदा बसला पाहिजे. कंबर, लांबी, बाही हे सगळं गल्लीतला टेलर कमी करून देतो. खांद्याची शिवण दंडावर उतरली तर तो शर्ट मोठ्या भावाचा आहे असंच आयुष्यभर वाटत राहतं.

मापांची तर बातच सोडा. एका कंपनीचा ‘एल’ दुसरीच्या ‘एम’मध्ये मावतो आणि तिसरीचा ‘डबल एक्सएल’ गळ्यात अडकतो. याचं कारण आपलं शरीर नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. आपल्याकडचे तयार कपडे वर्षानुवर्षं अमेरिका-युरोपातल्या मापांच्या तक्त्यांवरून, त्यात आपापल्या अंदाजाने भर घालून शिवले जातात. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या २५,००० माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असं ठरलं. ठिकाणं होती मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग. मुंबईत कोणाकोणाची मापं घेतली गेली असतील याची मला उत्सुकता आहे. जेवणाच्या आधी घेतली का नंतर, हेही कळायला हवं होतं. तो तक्ता दुकानांत पोचेपर्यंत चिठ्ठीवरचं अक्षर वाचू नका, कपडा घाला.

आणि नुसता घालून आरशासमोर उभे राहू नका. ट्रायल रूममध्ये माणूस पोट आत घेऊन, हनुवटी वर करून उभा राहतो. लग्नात तसं सलग तीन तास कोणाला जमलेलं नाही. पँट घातली की बसून बघा. शर्ट घातला की दोन्ही हात वर करा, लोकलच्या कडीला धरल्यासारखे. शर्ट पँटीतून बाहेर आला तर तो ऑफिसला जाईपर्यंत रोज येणार. नवरदेवाने चुडीदार घातली असेल तर त्याला तिथेच जमिनीवर मांडी घालायला लावा. मुहूर्ताला पाटावर बसताना झालेला तो ‘टर्रर’ मंगलाष्टकांच्या वरताण ऐकू येतो, आणि हल्ली व्हिडिओवर राहतो.

कापड घेऊन शिवणार असाल तर पन्हा विचारायला विसरू नका. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ पन्ह्याचं कापड सव्वादोन-अडीच मीटर लागतं. ५८ पन्ह्याचं एक मीटर साठमध्ये भागतं. मीटरचा भाव ऐकून स्वस्त वाटलेलं कापड बरेचदा अरुंद असतं. सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर ते शिवल्यानंतर आटतं आणि टेलर शांतपणे म्हणतो, “साहेब, तब्येत सुधारली वाटतं.” टेलरच्या तारखांबद्दल इथे काही लिहीत नाही. दसऱ्याला कापड टाकणाऱ्याने दिवाळी कुठली हे विचारू नये.

नवरात्राच्या रंगांचा विषय मात्र काढलाच पाहिजे. नऊ दिवसांचे नऊ रंग ही चाल जुन्या पोथ्यांतून आलेली नाही, ती अलीकडे वर्तमानपत्रांनी रुजवली. पण आता बँकेपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे ती पाळली जाते. लाल, पिवळा, हिरवा घरात असतोच. अडतं ते राखाडीपाशी. मराठी घरात राखाडी साडी सापडत नाही, कारण वर्षानुवर्षं आयांनी “असला मळका रंग कशाला?” म्हणून ती बाद केलेली असते. मग आदल्या संध्याकाळी राखाडीसाठी धावाधाव होते आणि जूनमध्ये कोणी ढुंकून न पाहिलेला माल दुपटीने उठतो. राखाडी साडी श्रावणात घेऊन ठेवावी. अख्ख्या लेखात याहून फायद्याचा सल्ला मला देता येणार नाही.

सेलबद्दल. पाटीवर ‘५०%’ हे आकडे रस्त्याच्या पलीकडून दिसतात. त्याच्याखालचा ‘पर्यंत’ हा शब्द वाचायला पाटीला नाक टेकवावं लागतं. पन्नास टक्के सूट असते ती आतल्या कोपऱ्यातल्या स्टँडवर, जिथे फक्त ‘एक्सएस’ आणि ‘ट्रिपल एक्सएल’ उरलेले असतात. ‘दोनवर दोन फुकट’ म्हणजे चार शर्टांचा भाव दोनांवर टाकलेला. एकच हवा असेल तर तो तुम्हाला पडतो महाग. चिठ्ठी उलटून बघा. छापील किमतीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली असेल तर नखाने हळूच उचकटा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याला ती चिठ्ठी वाचून दाखवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे २४९९ ही किंमत यापुढे तुम्हाला फार ठिकाणी भेटेल.

घासाघीस ही कला मात्र आता तुळशीबाग, फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड अशा ठिकाणीच जिवंत आहे. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने सुरुवात करावी हा नियम विक्रेत्यांनाही पाठ असल्याने ते दुप्पट सांगतात, म्हणून एक तृतीयांशाने करावी. चेहऱ्यावर वस्तू आवडल्याचं दिसू देऊ नये. बरोबर आलेल्या मैत्रिणीला आधीच दम द्यावा, कारण ऐन वेळी “अय्या, कसलं गोड आहे गं!” असं ओरडून ती दोनशे रुपयांचं नुकसान करते. सकाळी जावं, भवानी व्हायची असते, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ देत नाहीत. भाव जमला नाही तर निघावं, पण फार झपाझप चालू नये. मागून हाक आली तर ती ऐकू येईल एवढ्याच वेगाने चालावं. हाक आली नाही, तर तो भाव खरा होता. मग वळसा घालून त्याच दुकानात मानाने परत यायचं असतं. तिथे कोणी हसत नाही, रोजचंच असतं.

चपलांना हीच पद्धत. संध्याकाळी घ्याव्यात, दिवसभराने पाय जरा सुजलेले असतात. आणि दोन्ही पायांत घालून बघाव्यात, कारण दोन्ही पाय सारख्या मापाचे क्वचितच असतात. कोल्हापुरी असेल तर तळ वर करा. अस्सल चपलेत बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं कातडं असतं आणि शिवण कातड्याच्याच वादीची असते, खिळे नसतात. तळ पुठ्ठ्याचा आणि कडा रंगवलेल्या दिसल्या तर ती कोल्हापूरला कधी गेलेली नाही. नवी चप्पल चावते. तेलाचा हात द्यावा, चार दिवस घरात घालावी, पावसात कधीच घालू नये. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल मॉडेलांच्या पायांत घालून चालवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा कुठली ते त्यांनी कबूल केलं. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. ती चावते का, हे कोणीच छापलं नाही.

पर्स घेताना चेन दहा वेळा उघडा-मिटा आणि अस्तर बाहेर ओढा. ‘पीयू लेदर’ म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. आपल्या दमट हवेत तो कपाटात न वापरतासुद्धा सुटतो, आणि एखाद्या लग्नात खांद्यावर काळ्या खपल्या पडतात. म्हणून ‘खास प्रसंगासाठी जपून ठेवलेली’ पर्स ही कल्पनाच चुकीची आहे. रोज वापरा, तिला तिच्या वयात मरू द्या.

ऑनलाइन खरेदीत उलटून बघता येत नाही, हेच तिचं दुखणं. फोटोतल्या मुलीच्या पाठीलाही चिमटे असतात, पण ती काही वळत नाही. त्यातल्या त्यात, गिऱ्हाइकांनी घरच्या सोफ्यासमोर काढून टाकलेले फोटो बघावेत. तिथे रंग खरा दिसतो, माप खरं दिसतं, आणि मागे घडी न घातलेले कपडेही दिसतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायची पद्धत आहे. ती बरी आहे, फक्त घरातल्यांना त्या वेळी भांडू नका म्हणून सांगून ठेवा.

राहिलं बिल. तेही उलटून वाचा. ‘विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत अथवा बदलून मिळणार नाही’ असं मागे छापलेलं असतं, आणि आपण ते वाचून नशिबाला दोष देत घरी येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उसवलेली शिवण, गेलेला रंग, रेशीम म्हणून विकलेलं पॉलिएस्टर, याची दाद तिथे मागता येते. साडी घरी आणल्यावर नणंदेला आवडली नाही, या कारणासाठी मात्र कायद्यात कुठलीही तरतूद नाही.